मागची काच

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मुलांना नाही. आईला शेवटपर्यंत नव्हती, आणि ज्या एका मित्राला अर्धी ठाऊक होती तो नोकरीसाठी गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला. आमच्या उज्जैनला माणसाच्या मनात काही साचलं की तो महाकालाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मीही राहिलोय, कितीदा तरी. पण पुढे पोचलो की — काय सांगू तुम्हाला — मुलाच्या ॲडमिशनचं नाहीतर गुडघेदुखीचं काहीतरी मागून परत आलोय. देवासमोरसुद्धा माझी जीभ उचलली नाही.

मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही ताईला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं काही मोठं कारण शोधू नका.

गोष्ट गाडीच्या मागच्या काचेची आहे. हसू येईल तुम्हाला. काचेचं काय एवढं? मलाही खूप दिवस हेच वाटत होतं — काचेचं काय एवढं.

बाबा बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी गाडी घेतली. जन्मभर सायकल, मग स्कूटर, आणि मग एकदम ही. ती वर्षंच तशी होती. त्याआधी गाडी म्हणजे दोनच प्रकार, त्याही नंबर लावून वाट बघायच्या. आणि आता इंदौरला शोरूम उघडली, तिथे चकचकीत फरशीवर गाड्या उभ्या आणि टाय लावलेली पोरं विचारतायत, सर, कुठला रंग? बाबा तिथे दोनदा जाऊन नुसते बघून आले. तिसऱ्यांदा गेले ते बुक करूनच आले. आणि त्या गाडीत त्यांना काय आवडलं असेल? इंजिन नाही, सीट नाही. काच! मागची मोठी काच आणि मागच्या दोन दारांच्या काचा कंपनीतूनच धुरकट काळ्या आलेल्या. पुढच्या साध्या, मागच्या तेवढ्या गडद. आमच्या भागात, फ्रीगंजात, तोवर तशी गाडी नव्हती.

काळी फिल्म चिकटवलेल्या गाड्या खूप होत्या म्हणा. पण बाबांना फिल्मचा भयंकर तिटकारा. कोणी विचारायचा अवकाश, बाबा त्याला हाताला धरून गाडीच्या मागे न्यायचे. फिल्म वरून लावतात, ऊन लागलं की फुगते, जांभळी पडते, कडेने सुटते, दिखावा नुसता. हा रंग वरून लावलेलाच नाही, काच तयार होतानाच आत घातलाय. काच फुटेल एक वेळ, पण रंग जायचा नाही. — हे भाषण मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी आत जाऊन चहाच टाकायचो. आणि बाबांसारख्या माणसाला ते शोभतही होतं. त्यांचं सगळं तसंच. जे आत तेच बाहेर. कधी कोणाला खोटी सही दिली नाही, कधी घरी बँकेची टाचणी आणली नाही. तुम्ही म्हणाल, सगळेच आपल्या वडिलांबद्दल असं म्हणतात. म्हणत असतील. माझे होते.

त्याच वर्षी ताईचं लग्न झालं. गावातच दिली, जुन्या भागात. भाऊजी शाळेत शिकवायचे — विनायकराव. सरळ माणूस, जरा मानी. घरी ते, त्यांची आई — माई म्हणायचे सगळे — आणि आता ताई. लग्नानंतर बाबांनी आपणहून त्यांच्या हातात चावी दिली, म्हणाले, जोडीने ओंकारेश्वरला जाऊन या, माईंनाही न्या. ते गेले, दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परत आले, गाडी धुऊनपुसून दारात लावली. हे लक्षात ठेवा. म्हणजे मी विसरू शकलो नाही, म्हणून म्हणतोय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईबाबा एका मुंजीला देवासला गेले, नातेवाइकांच्या जीपमधून. मी घरी. बी.कॉम. होऊन घरी बसलेला, गाडी नुकती शिकलेला. बाबा शेजारी बसल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असा नियम. आणि मित्र आला, तोच, पुढे गुजरातेत गेलेला. चल ना भिया, एक राउंड. — आता काय सांगायचं? गेलो. नानाखेड्याकडे तेव्हा कॉलन्या बांधायचं चालू होतं, रस्ते मोकळे, जिकडे तिकडे रेती आणि गिट्टीचे ढीग. मी भाव खात रिव्हर्स घेत होतो आणि मागे एक हातठेला उभा होता, लोखंडी सळयांनी भरलेला. सळया बाहेर आलेल्या. गडद काचेतून मला त्या दिसल्या नाहीत, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दिसायला काय हरकत होती? मला गाडी चालवता येत नव्हती, हे खरं. पत्र्याला ओरखडा नाही. फक्त फट् असा आवाज झाला आणि ती अख्खी काच जाड्या मिठासारखी मागच्या सीटवर सांडली.

बरं, काच फुटली. काच कोणाच्याही हातून फुटते. त्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलेलं नाही.

आमच्या बस स्टँडपाशी, देवास गेटला, एक काचवाला होता. त्याने गाडी बघितली, मला बघितलं, आणि सगळं ओळखलं. म्हणाला, कंपनीचा टिंटेड पीस इंदौरहून मागवायला लागेल, आठ-दहा दिवस तरी. नाहीतर सादा काँच लगा देता हूँ, ऊपर से डार्क फिल्म. बाबूजी को पता भी नहीं चलेगा. आईबाबा संध्याकाळी येणार होते. मी विचारलं, किती दिवस टिकेल? तो म्हणाला, दो गर्मी तो आराम से निकाल देगा. दोन उन्हाळे! मला तेव्हा दोन उन्हाळे म्हणजे जन्म वाटला. तोवर नोकरी लागेल, गुपचूप खरी काच बसवू, कोणाला कळणारही नाही. जवळ होतं नव्हतं ते त्याला देऊन टाकलं. सीटच्या फटींमधले काचेचे कण मी घरी येऊन वेचत बसलो, आणि आईबाबा आले तेव्हा गाडी दारात जशीच्या तशी उभी.

बाबांना खरंच कळलं नाही.

आता पुढचं बघा. कळू नये म्हणून काय काय केलं मी! काच आतून पुसायचं काम स्वतःकडे घेतलं, कारण बाबांचं बोट कडेवर फिरलं असतं तर फिल्मची किनार लागली असती. गाडी लावताना पाठ भिंतीकडे, सावलीत. पहिल्या पगारातून — लागली नोकरी, एका खाजगी ऑफिसात — गाडीला कव्हर आणलं, जाड कापडाचं. उन्हाळ्यात दुपारी ऑफिसातून जेवायला आलो की आधी कव्हर नीट आहे ना ते बघायचो, मग हात धुवायचो. आणि बाबा काय म्हणायचे सगळ्यांना? पोरगा सुधारला हो! गाडीला किती जीव लावतो! माझ्यापेक्षा जास्त! — हे ऐकून मी मान खाली घालायचो आणि लोकांना वाटायचं, किती विनयी मुलगा.

खरी काच का नाही बसवली, असं विचाराल. विचाराच. त्यासाठी गाडी दिवसभर बाहेर ठेवायला हवी होती, आणि बाबांना काय सांगायचं? पुढच्या महिन्यात बघू, दिवाळी झाली की बघू. आणि एक उन्हाळा निघाला. दुसराही निघाला. काही झालं नाही. मला वाटायला लागलं, संपलं ते. मी मोकळा झालो.

तिसऱ्या उन्हाळ्यात काच जांभळी पडायला लागली.

आधी खालच्या कोपऱ्यात. मग एक बुडबुडा, नखाएवढा. मी सुईने टोचून, बोटाने दाबून तो बसवला. चार दिवसांनी शेजारी दुसरा. तुम्ही कधी असं काही रोज वाढताना बघितलंय का, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे? मी कव्हर काढायचो आणि आधी बुडबुडे मोजायचो. आपल्या माळव्याचं ऊन, त्याला कव्हर काय अडवणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाजूच्या दारांच्या काचा. त्या खऱ्या, कंपनीच्या. त्या पहिल्या दिवशी होत्या तशाच्या तशा, गडद, स्वच्छ. त्यांच्या मध्ये ही एकटी जांभळी. बाबांचं भाषण शब्द न् शब्द खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिथे दिसत होतं. मी काही करू शकत नव्हतो. सांगू शकत होतो, हो. तेवढं एकच करू शकत होतो आणि तेच करत नव्हतो.

शेवटी बाबांनी बघितलं. आणि त्यांना काय वाटावं? कंपनीने फसवलं! रंग जाणार नाही म्हणाले आणि गेला! दुसऱ्याच दिवशी गाडी काढून इंदौरला. मला सोबत घेतलं. वाटेत मी किती वेळा तोंड उघडलं असेल... सांवेर आलं, गेलं. मी फक्त म्हणालो, बाबा, जाऊ दे ना. ते म्हणाले, का जाऊ दे? आपली बाजू खरी आहे.

शोरूममध्ये बाबा मोठ्या आवाजात बोलले. कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग वर्कशॉपमधला एक मेकॅनिक आला, त्याने कोपऱ्यात नख घातलं आणि फिल्मची एक पट्टी सर्रकन सोलून बाबांच्या हातात ठेवली. बाबूजी, ये तो फिल्म है. काँच भी कंपनी का नहीं है, निशान ही नहीं है इस पर. मागे कोणीतरी हसलं. बाबा ती पट्टी हातात धरून उभे राहिले. मॅनेजरला सॉरी म्हणाले. माझे वडील, त्या टायवाल्या पोराला सॉरी म्हणाले, आणि मी दोन पावलांवर गाडीच्या चाव्या हातात घेऊन उभा होतो.

तिथे सांगायला हवं होतं. मान्य. पण अजूनही — ऐका — अजूनही मी ज्यासाठी हे बोलतोय ते झालेलं नव्हतं.

परत येताना बाबा ती पट्टी बोटावर गुंडाळत होते. मग म्हणाले, गाडी आपल्या हातातून एकदाच गेली होती. मी गिअर बदलला. ते म्हणाले, विनायकराव ओंकारेश्वरला घेऊन गेले होते ना रे?

मी म्हणालो, हो.

हो! खोटं आहे का यात काही? अक्षर तरी? गेलेच होते. बाबा म्हणाले, परत आणली तेव्हा तू काच बघितली होतीस? मी म्हणालो, आठवत नाही. हे मात्र खोटं. मग ते म्हणाले, तुला कुठून कळणार, तू तर त्या काचेला किती जपलंस. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. गाडी चालवत होतो मी. रस्ता मला नीट दिसत नव्हता तरी चालवत राहिलो.

घरी आल्यावर आई म्हणाली, अहो, असं मनात ठेवू नका, बोलवून विचारा की त्यांना सरळ. फुटली असेल, घाबरले असतील, नवीन नवीन होते. आईचं डोकं नेहमी जागेवर. एकदा विचारलं असतं तर भाऊजी म्हणाले असते, छे हो, आमच्या हातून काही झालं नाही, आणि मग पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. भेंडी चिरत होतो मी आईसमोर बसून. आणि मी म्हणालो — मी, दुसऱ्या कोणी नाही — आई, जावयाला असा जाब विचारतात का? ताईला काय वाटेल? बाबांनी मान हलवली. आपल्याकडे जावयाला विचारत नाहीत, हे त्यांनाही पटणारच होतं. म्हणाले, बरोबर आहे. पोरीलाही कळू द्यायचं नाही, तिच्या संसारात विष नको कालवायला. आईला त्यांनी शपथ घातली. झालं, दार बंद. मी ते आतून लावून घेतलं आणि वर शहाणा ठरलो.

बाबांनी ती काच बदलली नाही. फिल्मही काढली नाही. खोटी आहे, खोटीच राहू दे, म्हणाले. गाडीवरचं कव्हर मग फारसं निघालंच नाही. भाऊजी आले की बाबा यायचे, बसायचे, दोन शब्द बोलायचे, आणि उठून आत जायचे. भाऊजींना वाटलं, म्हातारा माणूस, तब्येत असेल.

आणि मग माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. इंदौरला करायचं ठरलं. भाऊजी रविवारी सकाळी घरी आले, ताईही बरोबर. मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा भाऊजी बोलत होते. जरा संकोचाने, कारण मागायची सवय नाही. म्हणाले, बाबा, एक दिवस गाडी मिळाली तर बरं होईल. डॉक्टरांनी सांगितलंय, परत येताना धक्के बसायला नकोत, धूळ नको, ऊन नको. आपल्या गाडीला मागची काच काळी आहे ना, आईला मागे बसवलं की डोळ्याला त्रास होणार नाही.

भाऊजींनी ते कव्हर किती दिवसांत निघालेलं बघितलं नव्हतं. त्यांच्या मनात ती काच अजून तशीच होती, काळी, कंपनीची. सासऱ्याचं काचेचं भाषण त्यांनीही ऐकलं होतं, आणि मला तर वाटतं, बाबांना जरा बरं वाटावं म्हणूनच त्यांनी काचेचं नाव काढलं.

बाबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ते म्हणाले, काचेचं तुम्ही बोलावं, विनायकराव?

भाऊजी हसले. त्यांना कळलंच नाही. म्हणजे? म्हणाले.

बाबा म्हणाले, गाडी मिळायची नाही.

आमच्या घरात जावयाला कोणी असं बोललं नव्हतं. आजोबांच्या काळापासून नाही. ताईने बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई पदराला हात पुसत उभी, शपथेत अडकलेली. आणि ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात ट्रे. आता हे मी तुम्हाला सांगतोय ते ऐका, कारण सगळं इथेच आहे — काच मी फोडली, असं म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. तेवढी हिंमत नसेल, नसो. पण "मी नेतो" एवढं म्हणता आलं असतं. बाबा, मी नेतो त्यांना, मी चालवतो. दोन शब्द. बाबा मला नाही म्हणाले नसते. पण गाडी निघाली असती तर कव्हर निघालं असतं, आणि जांभळी काच भाऊजींनी बघितली असती, आणि विचारलं असतं, अरे, हिला काय झालं? म्हणून मी ते दोन शब्द बोललो नाही. एवढं सगळं मी त्या एका क्षणात विचार करून ठरवलं. घाबरून सुचलं नाही, असं नाही. चांगलं सुचलं.

भाऊजी उठले, पायात चपला घातल्या, आणि आईला नमस्कार करून निघून गेले. पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या कोणाकडे गाडी मागायला ते गेले नाहीत. सासऱ्याने नाही म्हटल्यावर कोणाच्या दारात उभं राहायचं? टॅक्सी करून इंदौरला जाणं तेव्हा शाळामास्तरांच्या घरात कोणाच्या मनात येत नव्हतं. माईंना बसने नेलं, बसने आणलं. मला माहीत होतं कुठल्या दिवशी परत येणार ते. मी ऑफिसातून निघून देवास गेटला गेलो. का गेलो? मदत करायला? असंच सांगून निघालो होतो मनाशी. भर दुपार होती. बस आली, धुरळा उडाला, आणि भाऊजी माईंना धरून उतरले. माईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. भाऊजींनी एका हाताने त्यांना धरलेलं आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र उघडून त्यांच्या तोंडावर सावली धरलेली. मागे ताई, दोन्ही हातांत पिशव्या, रिक्षाला हाका मारतेय. एक रिक्षा थांबेना. मी उसाच्या रसाच्या गाडीमागे उभा होतो. ते दिसेनासे होईपर्यंत उभा राहिलो. रसवाला म्हणाला, भिया, पीना है क्या? मी एक ग्लास घेतला.

माईंचा तो डोळा गेला. आत पू झाला, परत नेलं, उपयोग झाला नाही. डॉक्टर बसमुळे झालं असं म्हणाले नाहीत. होतं कधी कधी, म्हणाले. बसमुळे नाही झालं असंही म्हणाले नाहीत. मी त्याच्यावर फार विचार केलाय आणि मला काही कळलेलं नाही.

भाऊजी पुन्हा आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. ताई यायची, सणावारी, एकटी, घाईघाईने, चपला काढल्या न काढल्यासारखी. मग तेही कमी झालं. मी मात्र दर भाऊबीजेला त्यांच्याकडे जायचो. ताई ओवाळायची. माई — दुसऱ्या डोळ्यालाही मोतीबिंदू, पण त्याला त्यांनी डॉक्टरांचा हात लागू दिला नव्हता — हाताने चाचपत माझ्या गालाला हात लावायच्या, आलास का रे बाळा, म्हणायच्या. आणि भाऊजी — अहो, भाऊजी माझा हात धरून म्हणायचे, तू वेगळा आहेस. तू बाबांवर गेला नाहीस. मी बेसनाचा लाडू अख्खा खायचो. दोन्ही घरांत मी लाडका. बाबांचा मी विश्वासू, भाऊजींचा मी चांगला. असं कधी बघितलंय तुम्ही? सगळ्यांचं जे गेलं, त्यातलं माझं काहीच गेलं नाही.

पुढे बाबांना दिसणं कमी झालं तेव्हा गाडी विकली. घ्यायला आलेल्या माणसाला बाबांनी स्वतः कव्हर काढून दाखवलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे. बाबा म्हणाले, ठीक नहीं है, पीछे का काँच कंपनी का नहीं है. हमारे दामाद ने बदलवाया था. जे स्वतःच्या मुलीला सांगितलं नाही ते त्या परक्या माणसाला सांगितलं, कारण त्याच्यापासून लपवणं त्यांच्या हिशेबात खोटेपणा होता. मी तिथे होतो. मी प्रत्येक वेळी तिथे असतोच. मागच्या चाकातली हवा बघितल्यासारखं करून खाली वाकलो.

बाबा गेले तेव्हा भाऊजी स्मशानात आले. लांब उभे राहिले आणि गेले. मग माई गेल्या. मग आई गेली. शपथ शेवटपर्यंत पाळली तिने. म्हणजे आता बाबा तसे का वागले हे माहीत असलेला मी एकटा उरलोय.

आईच्या तेराव्यानंतर ताई घरी राहिली होती. आम्ही दोघं कपाट आवरत होतो. आईची लुगडी घड्या करता करता ती सहज म्हणाली, एक विचारू? बाबांना यांचा एवढा राग का होता रे? आम्ही काय केलं होतं? एवढी वर्षं झाली, मला अजून कळलं नाही. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. केस पांढरे झालेत तिचे. घरात आम्ही दोघंच होतो, बाहेर कोणी नव्हतं, बाबा नव्हते, आई नव्हती, माई नव्हत्या — कोणाला दुखवायची भीती उरलेली नव्हती. देवाने ताटात वाढून दिलं होतं.

मी म्हणालो, स्वभाव गं. त्यांचा स्वभावच तसा होता.

ती म्हणाली, हो ना. मलाही शेवटी तसंच वाटलं. आणि पुढची घडी घातली.

कपाटात आईबाबांचा एक फोटो सापडला, दोघांचा, रिटायरमेंटच्या वेळचा. एवढाच आईचा चांगला फोटो होता. ताई म्हणाली, मला यातली आई हवी. फक्त आई. बाबा नकोत मला घरात. करून देतील का रे असा? मी म्हणालो, देतील, हल्ली कॉम्प्युटरवर सगळं होतं. मीच घेऊन गेलो, फ्रीगंजातल्या स्टुडिओत. पोरगा होता हुशार, बसल्या बसल्या त्याने बाबांना काढून टाकलं, मागे निळा रंग भरला. आईच्या खांद्यापाशी बाबांच्या कोटाची थोडी बाही राहत होती. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, अंकल, ये भी हटा दूँ?

मी म्हणालो, हटा दो.